गोजराईचा गार हात

फार वर्षांपूर्वी, खडकमाळावर झाडं होती मोजून सात आणि वारा होता बारा गावांचा, तेव्हाची ही गोष्ट. पौष लागला की तिथं असा कोरडा वारा सुटायचा की सकाळी धुऊन टाकलेलं लुगडं न्याहारीच्या आत वाळून कडकडीत व्हायचं. तरण्या माणसांचे त्या वाऱ्यात ओठ फुटायचे. म्हाताऱ्यांचं अख्खं अंग फुटायचं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ व्हायची, नडग्यांवर पांढरी खवलं उठायची, आणि मग खाज सुटायची. ती पोटऱ्यांपासून चढायची, पाठीवर यायची, मानेशी येऊन बसायची, आणि माणूस रक्त निघेस्तोवर खाजवत राहायचा. रक्त निघालं की आग व्हायची आणि आग निवली की पुन्हा खाज.

गावाला त्या खाजेची मोठी भीती. हा थोरला रोग, महारोगच आहे, एकाचा दुसऱ्याला लागतो, असं सगळे समजून चालायचे. म्हणून ओढ्यापलीकडे एक खोपट बांधलेलं होतं. ज्या म्हाताऱ्याला खाज धरी, त्याला तिथं नेऊन ठेवत. घरचं माणूस सकाळी एका दगडावर भाकरी ठेवी, लांबूनच हाक मारी आणि मागं न बघता परत फिरे. खोपटात गेलेलं माणूस फार दिवस काढत नसे. खाजेनं कुणी मरत नाही, पण एकटेपणानं मरतं, हे त्या काळी गावाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच गावात गोजरा नावाची न्हावीण राहायची. तिचा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी साथीत गेला. मागं राहिली त्याची हत्यारं ठेवायची कातड्याची धोकटी आणि म्हातारी आई, चिमाबाई. बाईनं वस्तरा धरायचा नाही अशी रीत होती, पण नखं काढायची नराणी धरायला कुणाची हरकत नव्हती. गोजरा बाळंतिणींची नखं काढायची, नवऱ्या मुलींची काढायची, म्हाताऱ्या बायांची काढायची. त्यावरच दोघींचं पोट चालायचं. तिचा हात हलका होता, आणि गार होता. भर वैशाखात तिनं कुणाचं बोट धरलं तर नुकत्याच भरलेल्या माठाला टेकल्यासारखं वाटायचं, असं म्हणतात.

एका पौषात चिमाबाईला खाजेनं धरलं. गोजरानं तिला खोपटात पाठवलं नाही. दार लोटून घेतलं आणि कुणाला कळू दिलं नाही. पण रोज सासूच्या चोळीवर रक्ताचे डाग पडायचे आणि रोज गोजरा तिच्यावर ओरडायची, खाजवू नका, खाजवू नका. एके दिवशी कामाला जाताना तिनं फडक्यांनी सासूचे दोन्ही हात खाटेला बांधले. "तुमच्याच भल्यासाठी बांधतेय," म्हणाली.

दुपारी ती परत आली. चिमाबाई रडत नव्हती. तिनं खाटेच्या सुंभावर घासून घासून पाठ सोलून काढली होती.

"हात बांधलेस, पोरी," ती म्हणाली. "आता खाज कुठं ठेवू, तेवढं सांग."

गोजरानं गाठी सोडल्या.  मग ती सासूच्या पायाशी बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं विचारलं, "आत्याबाई, नेमकं कुठं होतंय?"

त्या दिवसापासून दोन हिवाळे गोजरा दुसरं काही शिकली नाही. खाज कधी येते आणि कधी जाते, एवढंच ती बघत राहिली. कढत पाण्यानं अंघोळ घातली की येते, कोमट पाण्यानं येत नाही. वजरीनं अंग घासलं की दुप्पट येते. अंग ओलसर असतानाच करडईचं तेल चोळलं तर दिवसभर लांब राहते, अंग सुकल्यावर चोळलं तर तेल नुसतं वरच्या वर राहतं. घोंगडं उघड्या अंगावर घेतलं की चावते, आत जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घातला की गप्प बसते. नखं ठेवली की जखम होते, जखमेतून पुन्हा खाज होते. ओलं फडकं ठेवलं, तळहातानं नुसतं थापटलं, की उतरते. आणि सगळ्यांत जास्त ती दिवेलागणीला येते, माणूस एकटं बसलेलं असलं की येते, आणि कुणी रागावलं की हटकून येते.

तिसऱ्या वर्षी चिमाबाई झोपेतच गेली. तिला न्हाऊ घालायला आलेल्या बाया बघतच राहिल्या, कारण म्हातारीची पाठ लहान लेकरासारखी नितळ होती. गोजरानं तेव्हा सगळं सांगून टाकलं. पण झालं भलतंच. हिनं घरात रोग लपवला, असं म्हणून गावानं तिला नखं काढायला बोलावणं बंद केलं. ती वर्षभर दुसऱ्यांच्या शेतात शेंगा वेचून जगली.

आता झालं काय, की खडकमाळाच्या डोक्यावर एक झरा होता. तो आटला असं कधी झालं नव्हतं. त्याच्या पाण्यावर गाव जगायचं, मेंढरं जगायची. एका पावसाळ्यात डोंगराची कड ढासळली आणि हद्दीचे दगड गाडले गेले. लगेच पल्याडच्या वाडीचे लोक म्हणू लागले की झरा आमच्या हद्दीत येतो. भांडणं झाली, काठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली. शेवटी देशमुखांनी दोन्ही गावांना बोलावून निवाडा सांगितला. ज्यानं हद्दीचे दगड रोवताना डोळ्यांनी पाहिलं असेल, त्यानं माघी पौर्णिमेला डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर घ्यायची, दोन्ही हातांनी धरायची आणि हद्द चालून दाखवायची. हद्द तीन कोस. वाटेत एक हात जरी घागरीवरनं सुटला, तर त्याचं म्हणणं खोटं आणि झरा पल्याडच्या वाडीचा.

दगड रोवताना पाहिलेला एकच माणूस जिवंत होता. मायाप्पा धनगर. ऐंशीच्या घरातला, उंचापुरा, पावलानं अजून पक्का. आणि त्या साली वारा लवकर सुटला म्हणून तो दोन महिन्यांपासून ओढ्यापलीकडच्या खोपटात होता. खाजवणारे त्याचे हात क्षणभरही अंगावरून हटत नव्हते.

पल्याडच्या वाडीला हे ठाऊक होतं. म्हणून तर ते हसत हसत निवाड्याला हो म्हणाले होते.

चावडीवर गाव गोळा झालं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचे हात घागरीला बांधू. कुणी म्हणालं, अफू देऊ. मायाप्पाचा मुलगा सिदू खाली मान घालून बसला होता. तेव्हा बायकांच्या मागून गोजरा पुढं आली.

"बांधून भागत नाही," ती म्हणाली. "मी बांधून बघितलंय. पौर्णिमेला एकेचाळीस दिवस आहेत. म्हाताऱ्याला खोपटातनं घरी आणा आणि घरच्यांनी मी सांगेन तसं वागायचं. आबा चालतील."

"आणि नाय चालला तर?" पाटलांनी विचारलं.

"तर मला त्या खोपटात ठेवा. मी तिथनं बाहेर येणार नाही."

पाटलांनी सिदूकडं बघितलं. सिदू उठला, एकटाच ओढ्याकडं गेला आणि बापाला पाठुंगळी घेऊन आला. त्याला रोग लागेल म्हणून वाटेतले लोक बाजूला सरत होते. गोजरा मात्र त्यांना ओढ्याशी गाठून मायाप्पाच्या पाठीवर हात ठेवून शेजारून चालत होती. दोन महिन्यांत त्या पाठीला माणसाचा हात लागला नव्हता. वाटभर म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तेवढा वेळ तो खाजवायचं विसरला, असं म्हणतात.

घरी आल्यावर गोजरानं त्याची नखं अगदी मुळाशी काढली. सून होती लगमा, तिला तिनं कोमट पाणी, तेल आणि मऊ कापडाचं शिकवलं. लगमा शहाणी होती. तिनं आपलं लग्नातलं लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, फाडून सासऱ्याला आतून घालायची बंडी शिवली. मायाप्पाच्या हातांना काम हवं म्हणून गोजरानं त्याच्यापुढं कापसाची पाटी ठेवली आणि सरकी काढायला सांगितली.

"मेंढरं राखणाऱ्याला कापूस निवडायला लावतीस व्हय, पोरी?" मायाप्पा म्हणाला.

"आबा, तुमची बोटं मोकळी बसली की भटकतात. मेंढरांगत त्यांनाबी चरायला काहीतरी लागतं."

म्हातारा हसला आणि पाटी जवळ ओढली.

पण सहाव्या दिवशी घोटाळा झाला. दिवेलागणीला मायाप्पाची खाज उसळली आणि त्यानं पोटरी ओरबाडली. सिदू दिवसभर मेंढरांमागं दमून आला होता. तो ओरडला, "खाजवू नका म्हटलं ना, आबा. किती येळा सांगायचं? तुमच्यापायी अख्खं गाव तहानेनं मरंल." मायाप्पानं मान फिरवली. तो आणखी जोरात ओरबाडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा खाजकुइलीची एक शेंग फडक्यात गुंडाळून घेऊन आली. रानातली ती वेल सगळ्यांना ठाऊक असते, तिच्या शेंगेवरची बारीक कुसं अंगाला लागली की आग पडते. तिनं सिदूला चुलीपुढं बसवलं आणि त्याच्या मनगटाला ती शेंग टेकवली.

"लगमा भाकऱ्या थापतेय," ती म्हणाली. "पाच भाकऱ्या होईस्तोवर खाजवायचं नाही. तू गडी माणूस हायेस. तुला सांगितलं की जमंल."

पहिली भाकरी झाली तेव्हा सिदू ओठ चावत होता. दुसरीला त्याच्या कपाळावर घाम आला. त्याचा हात जरा हलला की गोजरा म्हणायची, "खाजवू नको म्हटलं ना." तिसरी भाकरी तव्यावर असतानाच तो भिंतीवर मनगट घासायला धावला. गोजरानं त्याला धरलं, मनगटावर ओली माती थापली, ती सुकू दिली आणि अलगद सोलून काढली, म्हणजे कुसं मातीबरोबर निघाली. मग गार पाण्याचं फडकं ठेवलं आणि वरून हळूहळू थापटत राहिली.

"मघाशी मी रागावले, त्यानं खाज कमी झाली?"

"वाढली," सिदू म्हणाला.

"आणि आता?"

 सिदू उठला आणि अंगणात बापाजवळ गेला. मायाप्पा उन्हात बसून मान खाजवत होता. सिदूनं त्याचा हात धरला नाही की त्याला काही म्हटलं नाही. फडकं तांब्यात बुडवलं, पिळलं आणि बापाच्या मागं बसला.

"आबा, कुठं?" त्यानं विचारलं.

मायाप्पानं बोटानं जागा दाखवली. त्या दिवशी बाप-लेक माध्यान्हीपर्यंत तसेच बसून होते. सिदू कुठल्या मेंढीनं दोन कोकरं दिली ते सांगत होता, मायाप्पा पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका एडक्याची गोष्ट सांगत होता, आणि कापसाची पाटी कधी रिकामी झाली ते दोघांना कळलं नाही.

मग घरातल्या सगळ्यांनी वेळा वाटून घेतल्या. सकाळचं पाणी आणि तेल लगमाचं. दुपारी शेजारची बाई कापूस निवडायला येऊन बसायची. दिवेलागणीला सिदू रानातून वेळेत परतायचा, मग मेंढरं लवकर आत घ्यावी लागली तरी चालायचं. गोजरा रोज एकदा यायची, नखं बघायची, पाठ बघायची आणि मायाप्पाला घागर धरून अंगणात चालवायची. आधी शंभर पावलं, मग पाचशे, मग वेशीपर्यंत. खाज आली की हात काढायचा नाही, "कुठं" ते तोंडानं सांगायचं आणि दुसऱ्यानं तिथं फडकं ठेवायचं. म्हाताऱ्याच्या पाठीवरच्या जखमा भरत आल्या. घरातल्या कुणालाच रोग लागला नाही, हेही गावानं पाहिलं, आणि हळूहळू लोक ओसरीवर येऊन टेकू लागले.

माघी पौर्णिमा आली. दोन्ही गावं डोंगराखाली जमली. देशमुख घोड्यावरून आले. मायाप्पानं आत लुगड्याची बंडी आणि वर घोंगडं घेतलं होतं. डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर काठोकाठ भरलेली घागर ठेवली, त्यानं दोन्ही हात घागरीला लावले आणि तो निघाला. एका बाजूला सिदू, दुसऱ्या बाजूला लगमा. गोजरा पाण्याचा तांब्या आणि फडकी घेऊन मागं.

पहिला कोस तो ताठ चालला. बाभळीच्या बुंध्याशी थांबला आणि म्हणाला, इथं पहिला दगड. लोकांनी खणून बघितलं, हातभर खाली दगड निघाला. दुसऱ्या कोसाला वारा सुटला. असा वारा त्या साली एकदाही सुटला नव्हता. घोंगड्याची टोकं फडफडू लागली, म्हाताऱ्याची कातडी तडतडू लागली आणि मानेशी खाज येऊन बसली. मायाप्पा जागेवर थांबला. त्याचे दंड थरथरले, घागरीतलं पाणी डचमळलं. पल्याडची माणसं पुढं सरकली.

"आबा, कुठं?" सिदूनं विचारलं.

"मानंच्या खाली. डाव्या अंगाला."

सिदूनं तिथं ओलं फडकं ठेवलं आणि वरून थापटू लागला. पल्याडच्या वाडीचा म्होरक्या देशमुखांकडं धावला. हे चालणार नाही, त्याला हात लावायचा नाही, असं म्हणू लागला.

देशमुखांनी जरा विचार केला. "हात घागरीवरनं काढायचा नाही, असं ठरलं होतं," ते म्हणाले. "लेकानं बापाच्या पाठीवर हात ठेवायचा नाही, असं काही ठरलेलं नाही. चालू दे."

आणि मायाप्पा चालू लागला. खाज पाठीवर आली, लगमानं फडकं ठेवलं. पोटरीला आली, सिदू चालता चालता वाकला. असं करत अडीच कोस झाले आणि तांब्यातलं पाणी संपलं. समोर शेवटची खडी चढण होती. फडकी वाऱ्यानं वाळून पापडासारखी झाली होती. मायाप्पा म्हणाला, "पोरी, आता सगळीकडनं आलीय."

गोजरा त्याच्या मागं आली आणि तिनं आपला उघडा तळहात त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला. बाकी काही केलं नाही. असं म्हणतात की त्या क्षणी वारा पडला. निरभ्र आभाळात घोंगड्याएवढा एक ढग आला, तो म्हाताऱ्याच्या डोक्यावर थांबला आणि त्याच्याबरोबर चढण चढू लागला. बाकी सगळा डोंगर उन्हात होता, सावली तेवढी त्या चौघांवर. मायाप्पा पुढं सांगायचा की खाज अडीच कोसांपर्यंत माझ्याबरोबर चालली, पण तीही म्हातारीच, तिला चढण झेपली नाही, ती दमून एका दगडावर बसली आणि मी पुढं गेलो. तो दगड चढणीवर अजून आहे. दर पौषात त्याला खपल्या सुटतात.

झऱ्याच्या वरच्या अंगाला, पन्नास पावलांवर, मायाप्पा थांबला. "इथं शेवटचा," म्हणाला. खणलं तर दगड निघाला. झरा खडकमाळाच्या हद्दीत होता. देशमुखांनी स्वतःच्या हातांनी घागर उतरवली आणि आत बघितलं. पाणी काठोकाठ होतं. उलट निघताना होतं त्याहून बोटभर जास्तच भरलं, असंही म्हणतात.

खाली ढोल वाजू लागले. बायका गाऊ लागल्या. तरणी पोरं मायाप्पाला खांद्यावर घ्यायला धावली, तर तो म्हणाला, मला नको, हिला घ्या. न्हाव्याच्या विधवेला गावानं खांद्यावरून मिरवत वेशीत आणलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्याच दुपारी सिदू ओढा ओलांडून गेला आणि त्यानं खोपट मोडलं. आत मधल्या दिवसांत नेऊन ठेवलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांच्या घरची माणसं त्यांना घ्यायला ओढ्यात उतरली, कुणी हाक मारायची वाट पाहिली नाही.

मायाप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगला. त्याची खाज पार गेली असं गोजरानं कधी म्हटलं नाही. पौष लागला की ती यायची. पण आली की घरातलं कुणी ना कुणी तिच्या आधी तिथं बसलेलं असायचं.

गोजरा घरोघर फिरली, आसपासच्या गावांत फिरली, सुनांना शिकवलं, लेकांना जास्त शिकवलं. पुढं ती स्वतः म्हातारी झाली आणि तिलाही खाजेनं धरलं. तिला मूलबाळ नव्हतं. पण सगळ्या गावानं तिच्या पाळ्या लावून घेतल्या, आणि घरं एवढी झाली की एका घराची पाळी दोन महिन्यांनी यायची. त्यावरून बायकांची भांडणं व्हायची, की मागच्या खेपेला तुम्ही दोन दिवस घेतलेत, आता आमचा हक्क. तिला तेव्हापासून सगळे गोजराई म्हणू लागले. ती गेली ती भर उन्हाळ्यात, आणि त्या दिवशी घराघरातल्या माठांचं पाणी आपोआप गार झालं, असं म्हणतात.

तिचं देऊळ नाही, मूर्ती नाही. खोपटाच्या जागी गावानं एक लांबलचक ओटा बांधला आहे. माघी पौर्णिमेला गावातली सगळी म्हातारी माणसं त्या ओट्यावर एका ओळीत उन्हात बसतात. त्या दिवशी त्यांची नखं काढायची ती लेकांनी आणि सुनांनी, न्हाव्यानं नाही. मग तेल लावतात, नवी मऊ बंडी घालतात, आणि मागं बसून ज्याचा त्यानं आपल्या माणसाला विचारायचं असतं, कुठं. अलीकडं पल्याडच्या वाडीचे लोकही आपल्या म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन डोंगर चढून येतात. ओट्यावर सकाळचं पहिलं ऊन जिथं पडतं, ती जागा खडकमाळाची माणसं त्यांच्यासाठी मोकळी ठेवतात.